अठ्ठावीस दिवस

निवृत्त फौजी माणसाला शेजारी बसवून फौजेवरची विनोदी मालिका पाहू नये, हे शहाणपण मला जरा उशिराच सुचले. आमचे मामा मराठा पलटणीतले सुभेदार. पेन्शनीत निघून तीस वर्षे झाली, पण चहाच्या कपाचा कान उजवीकडे नसला तर आजही मामींचा हात थरथरतो. ते साताऱ्याहून चार दिवस आले, आणि आमच्या चिरंजिवांनी कौतुकाने 'मॅश' लावली.

ही १९७२ ते १९८३ पर्यंत चाललेली अमेरिकन मालिका. कोरियाचे खरे युद्ध तीन वर्षांत थांबले, मालिकेला ते अकरा वर्षे पुरले! तिच्यातला सर्जन हॉकआय तंबूत दारू गाळतो आणि सलाम ठोकायचा कंटाळा करतो. क्लिंगर नावाचा कॉर्पोरल, वेडा ठरवून घरी पाठवतील या आशेने, बायकी झगे घालून पहारा देतो.

पाच मिनिटांत मामांनी सात गुन्हे मोजले. "टोपी कुठंय ह्याची? आन् ह्यो कर्नल हाय का पंगतीतला वाढपी?" झगा पाहून मामी हसून बेजार झाल्या. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, "रायफल नीट धरलीय."

मी डॉक्टरांची वकिली केली. म्हटले, यांना सक्तीने भरती केले होते. शिवाय सर्जनला कोठडीत घातले तर जखमींना शिवणार कोण? मामांना हे पटले. "डाक्टर लोक आमच्यातबी तसलेच."

मग १९७६ सालचा एक भाग लागला. नियमावर बोट ठेवणारा मेजर फ्रँक बर्न्स हॉकआयवर बंडाचा आरोप करतो, चौकशी बसते, दोघे आपापली हकिकत सांगतात आणि चौकशीचा कर्नल आरोप उडवून लावतो. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मामांनी नाही. "डाक्टर म्हणून सुटला. जवान असता तर?"

आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे कमांडिंग ऑफिसर एकटाच, वकिलाशिवाय, जवानाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. मामांच्या कंपनीतला एक पोरगा रजेवरून एकोणीस दिवस उशिरा आला. आईचे दिवस घालून आला होता. तार करायचे भान कुणाला असणार?

"रिपोर्ट माझाच. साहेबांनी मला इचारलं, पोरगं कसं हाय? म्हणलं, ठीक हाय साहेब. आईचं मला म्हाईत होतं. इचारलं न्हाई, म्हणून सांगितलं न्हाई." मामा थांबले. "अठ्ठावीस दिवस."

चिरंजीव पडद्याकडे बघत राहिले. मामींना ही गोष्ट इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती, हे त्यांच्या तोंडावरूनच कळले.

जरा वेळाने मामांनीच विचारले, "ह्यो झगेवाला जातो का घरी?"

"शेवटी युद्ध थांबतं, सगळे घरी जातात आणि हा तिथंच लग्न करून राहतो."

मामा त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसले. "आता ह्ये मातर खरं हाय! फौजेत आसंच हुतं."