कोठेही चालणारे, येथे टिकणारे

जावा ही संगणकभाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जगापुढे आणली, तेव्हा तिच्याबरोबर एक ब्रीदवाक्यही आले: एकदा लिहा, कोठेही चालवा. यंत्र कोणतेही असो, त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम कोणतीही असो. मध्ये जावाचे एक आभासी यंत्र बसविले की आज्ञावली न बदलता चालते, असा त्याचा भावार्थ. आम्ही दोघे मराठी शिकविणारे. दर बारा कोसांवर भाषा बदलते हे ऐकत वाढलेल्या माणसाला 'कोठेही' हा शब्द सहजी पचत नाही. बारा कोसांचा हा नियम जावाला लागू पडतो काय, हे पाहण्याचा प्रसंग आमच्यावर आला तो एका लोखंडी ट्रंकेमुळे.

ट्रंक अंजनवेलची. तीत १९९० च्या दशकातील एन्रॉनविरोधी आंदोलनाची पत्रके, ग्रामसभांची हस्तलिखित टिपणे आणि जमिनीच्या नोटिसांच्या प्रती. त्यांत पुढे विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या नमन-खेळ्यांची व जाखडीची भर पडली, महाविद्यालयाच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पडली. या आंदोलनावर झालेल्या दडपशाहीविषयी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ साली काढलेला इंग्रजी अहवाल जगात कोठेही बसून वाचता येतो. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांनी स्वतः मराठीत काय लिहिले, ते मात्र अशा ट्रंकांमध्ये आहे, आणि कोकणातील पावसाळ्यात कागदाचे काय होते हे येथल्या वाचकांस सांगावयास नको. सारे स्कॅन झाले. आता ते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरला.

साठवणीसाठी आज्ञावली ठरविणे कठीण गेले नाही. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली मुक्त केलेली 'डीस्पेस' ही आज्ञावली ग्रंथालयांसाठीच घडविलेली आहे. भारतातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ज्या 'शोधगंगे'त असतात, तीही डीस्पेसवरच उभी आहे. डीस्पेसचा गाभा जावामध्ये लिहिलेला आहे. म्हणजे ब्रीदवाक्यानुसार यंत्र कोणतेही चालावे. तरी दरपत्रके मागविली तेव्हा दोन टोकांची दोन उत्तरे आली. एका विक्रेत्याने दोन प्रोसेसरांचा, वातानुकूलित खोलीत कपाटात बसणारा अवाढव्य सर्व्हर सुचविला. दुसऱ्याचे म्हणणे असे की यंत्र घेऊच नका, मुंबईच्या विदाकेंद्रातले भाड्याने घ्या आणि दरमहा पैसे भरा.

अंजनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला अशा दोन कागदांकडे पाहताना गावच्या सीमेवरील वीजप्रकल्प आठवल्यावाचून राहत नाही. प्रकल्पाचे नाव पडले दाभोळ, जे खाडीपलीकडे. यंत्रे बसली अलीकडे, आमच्या बाजूस. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. जनित्रे नामांकित कंपनीची होती. यंत्रांना नॅफ्था लागे. वीज घेवो न घेवो, स्थिर आकार मंडळाने द्यावयाचाच, असा करार. आणि इंधन महागले वा डॉलर वधारला की दरही वर. दोन वर्षांत, २००१ च्या मे महिन्यात, मंडळाने वीज घेणे थांबविले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली, तरी वायू पुरेसा मिळेना म्हणून २०१३ च्या अखेरीस जनित्रे पुन्हा थांबली. ती रेल्वेसाठी हलली २०१५ साली. यंत्र निवडताना त्याची ताकद पाहिली गेली. ते रोज काय खाणार, ते कोण पुरविणार आणि त्याचा भाव कोणाच्या हाती राहणार, या प्रश्नांची किंमत मागाहून मोजावी लागली.

म्हणून आम्ही आमच्या यंत्राविषयीही आधी तेच विचारले: हे खाणार काय?

डीस्पेस एकटी राहत नाही. जावाचा भाग ज्यात चालतो तो टॉमकॅट, नोंदी ठेवणारे पोस्टग्रेस, शोध घेणारी सोलर आणि २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून वाचकाला पाने दाखविणारा एक वेगळा भाग, अशी चार बिऱ्हाडे एका चाळीत नांदतात. यांना भूक असते ती मुख्यतः स्मृतीची, म्हणजे रॅमची. जावाचे आभासी यंत्र आपल्या वाट्याच्या स्मृतीत वस्तू मांडत जाते आणि नको त्या वस्तू मधूनमधून झाडून काढते. ही झाडलोट करताना त्याला सारे घर फिरावे लागते. रॅम अपुरी पडून घराचा काही भाग डिस्कवर गेला असेल, तर प्रत्येक झाडलोटीला तेथवर जाऊन यावे लागते, आणि सर्व्हर वारंवार खोळंबतो. मात्र सारी रॅम जावालाच देऊनही भागत नाही. पोस्टग्रेस व सोलर आपल्या फायली झटपट वाचता याव्यात म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने मोकळ्या ठेवलेल्या स्मृतीवर भिस्त ठेवतात. हिशेब केला तेव्हा ३२ जीबीत आमची चाळ सुखाने राहते असे दिसले. चार जीबी डीस्पेसच्या गाभ्याला, दोन सोलरला, थोडी बाकीच्यांना, उरलेली सिस्टिमकडे. तालुक्याच्या महाविद्यालयाच्या संग्रहाला एका वेळी किती वाचक येणार? दोन प्रोसेसरांना काम पुरविणे आम्हांस जमले नसते.

रॅमच्या बाबतीत एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसलो: ती चुका ओळखून दुरुस्त करणारी हवी. साध्या रॅममध्ये क्वचित एखादा बिट उलटतो आणि कोणालाही कळत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना या 'कळत नाही'चे गांभीर्य समजावून सांगावे लागत नाही. लेखकाच्या हातून एक काना गळतो, पुढची प्रत त्यावरून होते, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध पाठासाठी बसावे लागते. डीस्पेस प्रत्येक फाइल घेताना तिच्या आशयावरून एक छोटी खूणसंख्या काढून ठेवते आणि सांगितल्यास ठराविक काळाने पुन्हा ताडून पाहते. परंतु फाइल यंत्रात शिरतानाच बिघडली, तर खूणसंख्या बिघडलेल्या पाठाचीच निघते. शुद्ध प्रत हवी तर पहिलाच लेखक सावध असावा लागतो.

ऑपरेटिंग सिस्टिमपाशी येईपर्यंत 'कोठेही' शाबूत होते. तेथे बारा कोसांचा नियम आडवा आला. २०२२ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपूर्वी जावा मजकूर वाचताना, वेगळे सांगितले नसेल तर, यजमान सिस्टिमची लिपीव्यवस्था गृहीत धरी. लिनक्सवर ती बहुधा यूटीएफ-८ असे. विंडोजवर बहुधा इंग्रजी वळणाची जुनी व्यवस्था असे, आणि तेथे देवनागरीची प्रश्नचिन्हे होत. आज्ञावली तीच, भाषा तीच. एका घरी 'अंजनवेल' वाचते, दुसऱ्या घरी सात प्रश्नचिन्हे. मुद्दाम सांगितले की हे टळते, हे खरे. परंतु सांगावे लागते, याचाच अर्थ घर पाहावे लागते.

दुसरा मुद्दा अनुक्रमाचा. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल' च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत 'ह' नंतर. सूची मराठी क्रमाने लागावी यासाठी पोस्टग्रेसला क्रमाचे नियम बाहेरून घ्यावे लागतात, आणि ते सिस्टिमकडून घेतले तर सिस्टिमबरोबर बदलतात. लिनक्समधील या नियमांत २०१८ साली असा बदल झाला की, नव्या आवृत्तीवर गेलेल्या अनेक विदागारांच्या अनुक्रमण्या नव्याने बांधाव्या लागल्या. ग्रंथपालाने रात्रीतून वर्णमाला बदलावी आणि सकाळी कार्डे मात्र जुन्याच क्रमाने असावीत, तसा हा प्रकार. म्हणून क्रमाचे नियम आम्ही सिस्टिमकडून न घेता पोस्टग्रेसला जोडता येणाऱ्या स्वतंत्र आयसीयू संग्रहातून घेण्याचे ठरविले, आणि सिस्टिमची आवृत्ती ऊठसूट बदलावयाची नाही हेही.

आता सिस्टिम कोणती? विंडोज सर्व्हर परवान्यासह विकत घ्यावी लागते, आणि आमच्याकडे अनुदान येते ते एकदाच. नूतनीकरणासाठी कोणी देत नाही. लिनक्समध्ये दशकभर सेंटओएसचे नाव होते. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झाले की जिला २०२९ पर्यंत आधार मिळावयाचा होता ती आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीसच बंद होईल; आणि तसेच झाले. जावाचीही कथा निराळी नाही. २०१० साली ओरॅकलने सन विकत घेतली. २०१९ पासून जुन्या आठव्या जावाच्या पुढील दुरुस्त्यांसाठी व्यावसायिक वापरकर्त्यांना पैसे मोजावे लागू लागले. २०२३ पासून तर वर्गणी संस्थेतील एकूण नोकरांच्या संख्येवर आकारली जाऊ लागली, जावा वापरणारे किती हे न पाहता. सुदैवाने सनने २००६ पासून जावाचा स्रोत मुक्त केला होता, त्यामुळे ओपनजेडीके नावाने तीच भाषा विनाशुल्क मिळते. भाव कोणाच्या हाती, हा प्रश्न येथे कामी आला. आम्ही डेबियन निवडली. १९९३ पासून चालत आलेली ही सिस्टिम कोणा कंपनीची नाही, स्वयंसेवकांची आहे. तिच्या बाराव्या आवृत्तीला २०२८ च्या जूनपर्यंत आधार आहे, आणि डीस्पेसच्या आठव्या आवृत्तीला लागणारी सतरावी जावा तिच्याच भांडारात मिळते.

भाड्याच्या यंत्राचा मोह शेवटपर्यंत होता. तेथे वीज जात नाही, समुद्राची खारी हवा पंख्यातून आत ओढली जात नाही, जूनची पहिली वीज कडाडली म्हणून कोणी प्लग काढावयास धावत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने उत्तर कोकणातील कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात ठेवली. परंतु वाचक येवो न येवो, त्या यंत्राचे बिल दरमहा येते. ते सोडता येते, दाभोळचा करार सोडणे तितके सोपे नव्हते, हा फरक आम्ही मान्य करतो. मात्र ज्या महिन्यात बिल थकेल त्या महिन्यात ट्रंकेतील माणसे पुन्हा ट्रंकेत जातील, हे आम्हांस पटेना.

या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचा प्रश्न आमच्या ग्रंथालय परिचरांनी विचारला. "सर, हे बंद पडलं तर चिपळूणहून माणूस यायला किती दिवस?" दोन्ही दरपत्रकांत याचे उत्तर नव्हते. त्या प्रश्नानंतर आम्ही यंत्राकडे उलट्या बाजूने पाहू लागलो: ते पडल्यावर उभे कोण करील आणि कशाच्या आधारे? घेतला तो टेबलाखाली राहणारा लहान टॉवर सर्व्हर, एका प्रोसेसरचा; एकमेकींची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दोन डिस्क; आणि वीज गेल्यावर सर्व्हरला स्वतःहून नीट बंद होण्याची सूचना देणारा यूपीएस. वाचलेल्या पैशांत प्रतींची सोय झाली. जुळ्या डिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकीवर पुसलेले दुसरीवरही पुसले जाते, आणि पाणी दोघींनाही बुडविते. १८६४ पासून चालत आलेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ साली वाशिष्ठीचे पाणी शिरले आणि २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा शिरले. तीच नदी आमच्या गावापाशी समुद्राला मिळते. म्हणून एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात आणि दुसरी घाटावर, अशी वाटणी केली.

उरला तो उभे करण्याचा भाग, आणि तेथे 'एकदा लिहा, कोठेही चालवा' याचा खरा उपयोग आमच्या ध्यानी आला. हे ब्रीद खरेदीच्या दिवशी फारसे कामाचे नाही. यंत्र मोडल्याच्या दिवशी आहे. आम्ही डेबियन बसविण्यापासून देवनागरी सूची लागेपर्यंतची प्रत्येक पायरी आज्ञेसकट एका दोनशेपानी वहीत मराठीत लिहून काढली. मग चालू सर्व्हरला हात न लावता, संगणक प्रयोगशाळेतील निवृत्त झालेल्या एका यंत्रावर सारे पहिल्यापासून उभे करून पाहिले. टंकलेखन परिचरांनी केले, वही प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने वाचून दाखविली, आम्ही तोंड न उघडता बाजूस बसलो. रॅम आठच जीबी असल्याने ते यंत्र धापा टाकत होते, पण दुपारच्या चहापर्यंत त्याच्या पडद्यावर नमनाचे ध्वनिमुद्रण वाजू लागले आणि सूचीत 'ळ' आपल्या जागी, 'ह' च्या खाली दिसला. वहीतील सतराव्या पानावरची एक पायरी त्या मुलीला दोनदा वाचावी लागली. ती पायरी आम्ही त्याच संध्याकाळी सोप्या मराठीत पुन्हा लिहिली.