एक पायरी खाली

सरकारी नोकरीत जन्म घालविलेल्या माणसाने वेगाविषयी लिहावे, याचे कोणाला हसू येईल. येवो बापडे! निवृत्तीच्या उंबरठ्यावर मला वेगाचे वेड लागले खरे, आणि ते लागले दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये. तेथील दुकाने पालथी घालून मी संगणकाचे सुटे भाग जमविले व पुतण्याच्या मदतीने घरी तो जुळविला. आईची चाळीस वर्षांची पत्रे त्यात उतरवून ठेवावी, हा माझा हेतू.

रॅमच्या पट्ट्यांवर ३२०० हा वेगाचा आकडा छापलेला होता. मदरबोर्ड मात्र त्यांना २१३३ वरच राबवीत होता.

"काका, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावे लागते," पुतण्या म्हणाला.

अंगी पात्रता असूनही वरून आदेश येईपर्यंत खालच्याच श्रेणीत काम करावयाचे, हा प्रकार मला अपरिचित नव्हता. एक्सएमपी म्हणजे पट्टी बनविणाऱ्याने तिच्यातच नोंदवून ठेवलेली शिफारस: वेग इतका, विलंबाचे आकडे इतके, आणि व्होल्टेज नेहमीच्या १.२ ऐवजी १.३५. पुतण्याचे तेवढ्याने समाधान होईना. त्याने आकडा ३६०० वर नेला. पौषातल्या थंडीत मेमटेस्ट रात्रभर चालला आणि एकही चूक निघाली नाही.

"आता उतरवा पत्रे!" तो म्हणाला. मी म्हणालो, "वैशाख येऊ दे."

माझ्या या सबुरीला कारण होते. वेग वाढला की संकेतांना स्थिरावण्यास अवधी कमी पडतो. म्हणून व्होल्टेजचे बळ द्यावे लागते. परंतु उष्णता वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२ वरून १.३५ ही वाढ साडेबारा टक्क्यांची. उष्णता मात्र, वेग तोच धरला तरी, सुमारे साडेसव्वीस टक्क्यांनी वाढते. शिवाय रॅममधील विद्युत्भार सतत गळत असतो व सेकंदातून अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. उन्हाळ्यात ही गळतीही वाढते. आणि पंखा कितीही मोठा बसविला, तरी भोवतालच्या हवेहून अधिक थंडावा तो आणणार कोठून? २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला पारा ४६.८ अंशांवर गेला होता.

त्याच आठवड्यात आम्ही मेमटेस्ट पुन्हा लावला. यंत्र बंद पडले नाही, कुरकुरलेही नाही. पहाटे पडद्यावर केवळ एक तांबडी ओळ होती: कोठेतरी एकाच्या जागी शून्य वाचले गेले होते.

मला भय वाटते ते या मुकाट चुकीचे. बंद पडलेले यंत्र आपण दुरुस्तीला नेतो. अडलेली फाइल कोणीतरी हुडकून काढतो. पण टिपणीतला एक अंक चुकला आणि ती सह्या घेत वर गेली, तर पुढे सारा कारभार त्या अंकावर निष्ठेने चालतो! मोठमोठ्या सर्व्हरांत अशी एका अंकाची चूक जागीच सुधारणारी रॅम वापरतात. आपल्या घरगुती पट्ट्यांना तो लेखापरीक्षक नाही.

आम्ही वेग ३२०० वर आणला, व्होल्टेज १.३५ वरच ठेवले आणि भर दुपारी, खोलीतला कूलर बंद करून, मेमटेस्ट लावला. चारही फेऱ्या निर्दोष पार पडल्या. पुतण्या हिरमुसला. वेगाची सीमा शोधण्यात पुरुषार्थ आहे, हे मलाही मान्य आहे. पण ती सापडल्यावर तिच्यावर बिऱ्हाड थाटावयाचे नसते. एक पायरी खाली उतरून घर बांधावे.

त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून पहिले पत्र काढले.