आमच्या हस्तसंगणकाचा जमाखर्च

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंतील सत्तावीस पालकांनीं प्रत्येकीं दोनशें रुपये आम्हां चौघांच्या हातीं विश्वासानें ठेविले. त्या पैशांचें काय झालें, असा प्रश्न कोणीं उघडपणें विचारिला नाहीं; परंतु शाळा सुटतांना फाटकापाशीं उभ्या असलेल्या मातापित्यांच्या नजरेंत तो आम्हांस अनेकदां दिसला आहे. सबब वार्षिकांत लिहिण्याची संधि मिळतांच, सहलीच्या वर्णनाचा मोह टाळून, हा जमाखर्चच वाचकांपुढें ठेवावा असें आम्हीं ठरविलें.

प्रकरणाचा आरंभ आमच्यापैकीं एकाच्या आजींपासून होतो. त्यांनीं पनवेलच्या बाजारांत चाळीस वर्षें भाजी विकली. त्यांचे यजमान मुंबईच्या गोदींत कामास असत व महिन्याकाठीं घरीं पत्र पाठवीत. आजींस अक्षरओळख नाहीं. त्यामुळें तीं पत्रें त्यांस आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावीं लागलीं. कधीं पोस्टमन वाची, कधीं शेजारीण, पुढें मुलगा. "वाचणारा मधलं कांहीं गाळतो, तें मला त्याच्या आवाजावरून कळायचं," असें त्या एकदां सहज बोलून गेल्या. यजमान जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. पत्रें पत्र्याच्या डब्यांत जपून ठेविलेलीं आहेत. तीं आपणांस एकटीला, मनास येईल त्या वेळीं, कोणीं कांहीं न गाळतां ऐकावयास मिळावीं, एवढीच त्यांची इच्छा.

मोबाईल घरोघर असतां निराळा संगणक कशाला, असें वाचक विचारतील. आम्हींही प्रथम तोच मार्ग धरिला होता. पण चाळीस वर्षें जुड्या बांधून आजींच्या बोटांचीं टोकें इतकीं कोरडीं व राठ झालीं आहेत कीं काचेच्या पडद्यास त्यांचा स्पर्श जाणवतच नाहीं. आणि जाणवलाच तर पत्राऐवजीं भलतीच जाहिरात सुरू होते. शिवाय खरें सांगावयाचें तर, ज्याचा प्रत्येक स्क्रू आपणांस ठाऊक आहे असें एक यंत्र आपल्या हातानें करावें, ही हांव आम्हांस होतीच. दोन मोठ्या कळा, एक लहान पडदा, एक ध्वनिक्षेपक, आणि तळहातावर मावेल एवढा आकार, असा आमचा आराखडा ठरला. चौघांच्या घरून दोन-दोन हजार मिळाले, पालकांचे पांच हजार चारशें जमले, आणि आजींनीं पदराची गांठ सोडून सोळाशें रुपये आमच्यापुढें ठेविले. एकूण जमा पंधरा हजार.

दिवाळीच्या सुट्टींत हार्बर मार्गाच्या गाडीनें आम्ही मुंबईस गेलों आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे आतांचा डॉ. भडकमकर मार्ग, पायांखालीं घातला. तेथील व्यवहार मोठा मौजेचा आहे. एक रेझिस्टर मागितला तर दुकानदार हंसून मूठभर देतो व पैसे घेत नाहीं. कारण त्याच्याकडे ते हजारोंच्या रिळांनीं येतात. पडदा मागितला मात्र कीं त्याचें हंसूं मावळतें. पडद्यास आम्हीं सतराशें पन्नास रुपये मोजले. संगणकाचें हृदय म्हणून रास्पबेरी पाय झीरो हा बोर्ड घेतला. ब्रिटनमधील एका संस्थेनें मुलांच्या शिक्षणाकरितां काढलेल्या मालिकेंतील हें अपत्य आहे, आणि त्यावर विनामूल्य मिळणारी ई-स्पीक नामक प्रणाली मराठी मजकूर वाचून दाखविते. पहिला बोर्ड आमच्या हातून दुसऱ्याच दिवशीं जळाला. तांबडी तार काळीच्या जागीं लागली, एक बारीकसा वास आला, आणि अठराशें रुपये संपले. त्या सायंकाळीं घरीं कोणीं तोंड उघडलें नाहीं. दुसरा बोर्ड घ्यावाच लागला.

पत्रें टंकित करण्याचें काम नातवानेंच केलें. त्यांत काय होतें तें त्यानें आम्हां तिघांस सांगितलें नाहीं व आम्हींही विचारिलें नाहीं. जानेवारींत यंत्र प्रथम बोललें. आजींनीं कळ दाबली, पत्राचा मायना ऐकला, डोळे मिटले. आणि चौथ्या ओळीवर यंत्र एकाएकीं गप्प झालें. क्षणभरानें तें पुन्हां आरंभापासून सुरू झालें व पुन्हां तेथेंच थांबलें. आजी म्हणाल्या, "हें पण गाळतंय वाटतं!" त्या हंसून म्हणाल्या, तरी आम्हांस तो शब्द फार लागला.

दोष शोधण्यांत सहा आठवडे गेले. लिथियमच्या बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट असतो, आणि बोर्डास ५ व्होल्ट लागतात. म्हणून दोहोंमध्यें दाब वाढविणारें एक चिमुकलें सर्किट घालावें लागतें. संगणक मुकाट्यानें चालला असतां सर्व ठीक असे. परंतु ध्वनिक्षेपक मोठ्यानें बोलूं लागतांच विजेची मागणी उसळे, आमच्या बारीक तारांतून ती पुरेशी येईना, दाब खालीं बसे, आणि बोर्ड बंद पडून नव्यानें सुरू होई. आजींस कमी ऐकूं येतें, म्हणून आवाज नेहमीं मोठा. आणि म्हणूनच तो दोष प्रयोगशाळेंत आम्हांस कधीं दिसला नव्हता! तारा जाड केल्या, एक मोठा कपॅसिटर बसविला, आणि अखेर मन घट्ट करून पडदाच काढून टाकला, कारण विजेंतील मोठा वांटा तोच खात होता. मध्यंतरीं एक बॅटरी पापडासारखी फुगली. ती विज्ञानशिक्षकांनीं आमच्या हातून काढून घेऊन वाळूच्या बादलींत ठेविली.

तारांच्या गुंत्याऐवजीं नीटसा छापील सर्किट बोर्ड हवा, म्हणून तो आम्हीं संगणकावर आंखला व परदेशांतून करवून आणिला. एक मागतां येत नाहीं. कमींत कमी पांच घ्यावे लागतात. पांचांच्या किंमतीपेक्षां टपालखर्च व जकात अधिक, मिळून दोन हजार तीनशें पन्नास. पुडकें फोडलें तेव्हां कनेक्टरच्या दोन्ही ओळी आरशांतल्याप्रमाणें उलट्या निघाल्या. आम्हीं आकृति खालच्या बाजूनें पाहून काढली होती. कारखान्याचा यांत तिळमात्र दोष नाहीं. आम्हीं जें आंखलें तेंच त्यांनीं निमूटपणें छापून दिलें. तेवढेच पैसे पुन्हां भरून दुसरे पांच मागविले.

या निराशेच्या दिवसांतच विज्ञानशिक्षकांनीं आम्हांस सिम्प्यूटरची हकीकत सांगितली. १९९८ सालीं बंगळूर येथें एक परिषद भरली, आणि खेड्यांतील निरक्षर माणसासही वापरतां येईल असा स्वस्त हस्तसंगणक आपल्या देशांत व्हावा, हा विचार तेथून निघाला. भारतीय विज्ञान संस्थेंतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन् व व्ही. विनय हे चार अध्यापक आणि एन्कोर या कंपनीचे विनय देशपांडे प्रभृति मंडळींनीं १९९९ मध्यें त्यासाठीं न्यास स्थापिला. एप्रिल २००१ मध्यें पहिलें यंत्र लोकांपुढें आलें. त्याची स्मृति ६४ मेगाबाइटांच्या घरांतली. आजच्या साध्या मोबाईलपुढें ती नगण्यच. परंतु त्यांत भारतीय भाषांतील मजकूर उच्चारून दाखविण्याची सोय होती, आणि एकच यंत्र गांवकऱ्यांनीं वांटून वापरावें म्हणून प्रत्येकाच्या नांवाचें कार्ड घालण्यास खांच होती. आजींस हवें होतें तें वीस वर्षांपूर्वींच कोणी योजून ठेविलें होतें, हें ऐकून आम्हांस आनंद व्हावा कीं खेद, हेंच कळेना.

मग तें यंत्र आमच्या बाजारांत कां नाहीं? किंमत नऊ हजारांच्या आसपास राहील, अशी कर्त्यांची अपेक्षा होती. परंतु यंत्र हजारोंनीं बनेल तरच तें त्या किंमतीस पडणार. आणि त्या किंमतीस पडेल तरच हजारोंनीं खपणार. ज्या इंटेल कंपनीच्या चिपवर सारी बांधणी होती, तिनें ती जात मागें टाकून नवी काढिली. २००४ मध्यें भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्यानें 'अमिदा' या नांवानें तें विक्रीस आलें, तेव्हां सर्वांत साध्या नमुन्यास ९,९५० रुपये पडत, आणि रंगीत पडद्याचा तर जवळजवळ वीस हजारांस. पन्नास हजार नग खपतील अशी उमेद होती. वर्षभरांत खपले सुमारें चार हजार. तोंवर मोबाईल स्वस्त होत चालले होते. अमिदा हातांत कलती केली कीं पडद्यावरचें पान हले, ही करामत त्यांत तेव्हांच होती. जगानें तिचें कौतुक केलें तें पुढें, परक्या यंत्रांत.

पैसा सरकारनें दिला तर अडचण सुटते काय? तसेंही नाहीं. २०११ मध्यें केंद्रसरकारनें 'आकाश' नांवाची पाटी विद्यार्थ्यांकरितां काढिली. येथें गिऱ्हाईक हुकमी होतें, एक लक्ष नगांची मागणी होती. परंतु किंमत सवादोन हजारांच्या आसपास आधींच बांधलेली. त्या किंमतींत जो पडदा व जी चिप बसली ती इतकी मंद कीं तक्रारींचा पाऊस पडला. पुढें पवईच्या आय. आय. टी.मध्यें प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे तें काम आलें व २०१२ च्या नोव्हेंबरांत सुधारलेली आवृत्ति निघाली. ती पहिलीपेक्षां पुष्कळ बरी होती, तरी घरोघर पोहोंचली नाहीं.

इतकें ऐकूनही आमचा हट्ट सुटला नाहीं. आजींसारख्या आणखी कित्येकजणी पनवेलींत असतील, असें मनांत येऊन आम्हीं पंचवीस यंत्रें करण्याचा बेत केला. देणग्या देणाऱ्या एका संस्थेस पत्र धाडलें. उत्तर आलें, "आधीं चालतें यंत्र दाखवा, आणि किती लोक तें घेणार त्याची यादी जोडा." आम्ही चार घरीं यादीसाठीं गेलों, तर लोक म्हणाले, "आधीं यंत्र तर पाहूं द्या!" तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिकचें सामान करणारे एक कारखानदार मात्र सौजन्यानें भेटले. आमची त्रिमितीय छपाईची पेटी त्यांस दाखविली. (ही पेटी मे महिन्यांत उन्हांत स्कूटरवर राहिल्यानें एका कोपऱ्यांत मेणासारखी वाकली होती.) त्यांनीं ती उलटसुलट पाहिली व विचारिलें, "किती नग?"

"पंचवीस, साहेब."

"पंचवीस हजार?"

"नाहीं. पंचवीसच."

त्यांनीं चहा मागविला. मग कारखान्यांत नेऊन एका डब्याच्या झांकणाचा पोलादी साचा दाखविला. तो उचलावयास दोन माणसें लागत. असा साचा करावयास लाखांनीं रुपये पडतात, पण एकदां झाला कीं झांकण कांहीं पैशांत पडतें. आणि पंचवीसांसाठीं केला तर एकेका झांकणावर हजारों रुपये बसतील, हें गणित त्यांनीं पाकिटाच्या पाठीवर मांडून दिलें. तें पाकीट आम्हीं जपून ठेविलें आहे. आमची सर्व अडचण इतक्या थोड्या जागेंत दुसऱ्या कोणीं मांडलेली नाहीं.

आज एक यंत्र चालतें. पेटी वाकलेलीच आहे. बॅटरी एक तास चाळीस मिनिटें टिकते. 'चाक' व 'चार' यांतील दोन निरनिराळे 'च' यंत्रास अजून ओळखतां येत नाहींत, त्यामुळें पत्रांतील कांहीं शब्द परप्रांतीयानें उच्चारल्यासारखे वाटतात. त्यावर आजी म्हणतात कीं, पोस्टमनही असेच वाचायचा. गेल्या श्रावणांत त्यांनीं एक पत्र प्रथमच अखेरपर्यंत ऐकलें. त्या वेळीं आम्ही ओसरीवर होतों. दार आंतून लोटलेलें होतें. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळानें दार उघडलें आणि आजींनीं विचारिलें, "तेंच परत लावायला कुठली कळ?"

जमेकडील पंधरा हजारांपैकीं चौदा हजार दोनशें वीस खर्च झाले. पावत्या विज्ञानशिक्षकांच्या टेबलावर आहेत, कोणींही पाहाव्या. काढलेला पडदा, उलटे पांच व सुलटे चार सर्किट बोर्ड प्रयोगशाळेच्या कपाटांत आहेत. पुढील वर्गांतील कोणास हवे असल्यास न्यावे. शिल्लक सातशें ऐंशी रुपये. ज्या पालकांस आपला हिस्सा परत हवा असेल त्यांस प्रत्येकीं अठ्ठावीस रुपये मिळतील व चोवीस उरतील. आपले सोळाशें या हिशेबांत धरूं नयेत, असें आजींनीं बजावून सांगितलें आहे.