वर्ध्याची पोर, सिमल्याचा बर्फ

उन्हाळ्यात 45 अंशांवर तापणाऱ्या आमच्या वर्ध्यात बर्फ म्हणजे गोळ्यावाल्याचा! पण आमची भाची शाळेच्या सिमेंटच्या अंगणात चाकांचे बूट घालून आधी पडायला, मग उठायला, मग वळायला शिकली. जिल्हा स्पर्धेत धावली आणि मागे लागली, "मामा, बर्फावर कधी?"

डिसेंबरात रजा टाकली. सेवाग्राम, दिल्ली, काल्का, पुढे छोटी गाडी. सिमल्याची रिंक 1920 सालची. संध्याकाळी पाणी शिंपडायचे. आभाळ निरभ्र आणि थंडी कडक असेल तरच सकाळी खेळ. पहिल्या दिवशी नेमके ढग! मी मनात भाड्याचा हिशेब करीत बसलो.

दुसऱ्या सकाळी ती उतरली. चाकांच्या बुटाला पुढे रबरी ब्रेक असतो, बर्फाच्या बुटाला नसतो. पाते तिरपे घासूनच थांबावे लागते. सात वेळा आपटली. आठव्यांदा थांबली.

2025 च्या जानेवारीत लेहला खेलो इंडिया स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी बर्फावर पदके मिळवली, हे तिला पाठ आहे. परतीच्या गाडीत लेहचे भाडे विचारीत होती.

"तिकडे रेल्वे जात नाही, बाई," एवढेच म्हणालो.