आनंदाचे गाणे, संथ लयीत

२२ मार्च १९६२ रोजी ब्रॉडवेवर 'आय कॅन गेट इट फॉर यू होलसेल' या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तीत मिस मार्मेलस्टीन नावाच्या सेक्रेटरीची दुय्यम भूमिका बार्ब्रा स्ट्रायसँड या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे होती. काम प्रेक्षकांना हसवण्याचे. तिच्या गळ्यात हसण्यापलीकडचे काय आहे, ते घराघरांत पोहोचवले दूरचित्रवाणीवरील 'व्हरायटी शो'ने, म्हणजे गाणी, नकला आणि प्रहसने एकाच तासात कोंबणाऱ्या करमणुकीने.

यातला एक धागा इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर पाहावा. 'हॅपी डेज आर हियर अगेन' हे मिल्टन एगर आणि जॅक येलेन यांचे १९२९ चे उडत्या चालीचे गाणे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. सुखाचे दिवस परतल्याची ग्वाही देणारे हे गाणे लोकांच्या ओठी रुळले ते नेमके मंदीच्या वर्षांत. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रचारात ते वाजले आणि पुढे डेमोक्रॅटिक पक्षाची जणू वाजंत्रीच झाले.

मे १९६२ मध्ये सीबीएसच्या 'द गॅरी मूर शो'ने एका जुन्या वर्षाची आठवण जागवणाऱ्या आपल्या सदरासाठी १९२९ हे साल निवडले. प्रसंग असा: बाजारात सर्वस्व गमावलेली एक धनिक स्त्री मद्यालयात येते आणि अंगावरचे दागिने देऊन शॅम्पेन मागते. बार्ब्राने ते गाणे अतिशय संथ लयीत म्हटले. शब्द तेच, पण अर्थ उलटा. प्रचारगीताखाली तीस वर्षे दडलेली मंदीची वेदना एका विनोदी कार्यक्रमात वर आली. एखाद्या जाडजूड ग्रंथालाही हे क्वचितच साधते!

६ ऑक्टोबर १९६३ रोजी हेच गाणे घेऊन ती 'द ज्युडी गार्लंड शो'मध्ये गेली. ज्युडी एक्केचाळीस वर्षांची, बार्ब्रा एकवीस. ज्युडीने स्वतःचे गाजलेले 'गेट हॅपी' त्यात गुंफले. दोन आनंदगीते एकमेकींत मिसळली आणि त्यांतून निघाली ती हुरहूर. चित्रफितीत दोघी एकमेकींना बिलगून गाताना दिसतात. आधार कोण कोणाला देत आहे, हे सांगणे कठीण. पुढे प्रेक्षकांतून एथेल मर्मन अवतरली आणि तिघींनी मिळून एक गाणे दणकावले. त्या खणखणाटात मघाची शांतता विरली. हे थोडे खटकतेच.

रविवारच्या रात्री समोर एनबीसीची 'बोनान्झा' ही लोकप्रिय मालिका होती. तिच्यापुढे ज्युडीचा कार्यक्रम टिकला नाही. २६ भागांनंतर, मार्च १९६४ मध्ये तो संपला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला ब्रॉडवेवर 'फनी गर्ल'चा पडदा उघडला. नायिका होती बार्ब्रा.