सीवूड्सच्या तलावाकांठीं

माघांतील एके पहाटे आम्ही सीवूड्सच्या तलावाकांठीं रोहित पक्षी पाहात उभे होतों. भरतीनें ठाणें-खाडीचा चिखल बुडाला, कीं त्यांचे गुलाबी थवे येथें विसाव्यास उतरतात. परंतु आमचें निम्में लक्ष पिकअपकडेच! मातोश्रींचें इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावें म्हणून छोटा फ्रिज रात्रभर चालविला, आणि गाडीची एकुलती बॅटरी गतप्राण झाली.

एका मिस्त्रींनीं दुसरी बसवून दिली. जाड तांब्याच्या तारेवर त्यांनीं दोन्ही बॅटऱ्यांलगत एकेक फ्यूज घातला. 'साहेब, तार घासून पत्र्याला टेकली तर दोन्हीकडून आग,' ते म्हणाले. मध्यें रिले असा, कीं एंजिन चालू असतांनाच दोहोंची गांठ पडावी. एरव्हीं फ्रिजनें दुसरीच रिकामी करावी. बॅटरी पट्टीनें आवळली, खाऱ्या वाऱ्यासाठीं टोकांस ग्रीस फांसलें. प्रथम काढलेली ऋण तार मात्र सर्वांत शेवटीं जोडली. चार्ज होतांना हायड्रोजन निघतो, तेथें ठिणगी नको.

दुसऱ्या पहाटे फ्रिज गार होता, आणि एंजिन पहिल्याच किल्लीस सुरू झालें. मातोश्री तेव्हां पक्षी मोजीत होत्या.