आसेगावच्या अंगणातली बोर

अकोला-पूर्णा मार्गावरच्या वाशीम स्टेशनात उतरून आम्ही आसेगावकडे निघालो, तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी आणि पायाला चिकटणारी काळी माती. मंगरुळपीर तालुक्यातले हे आमचे मूळ गाव. या खेपेला एकच काम होते : अम्मीच्या अंगणात झाडे लावायची.

अंगण उघडे पडले, त्यात दोष आमचाच. तीन वर्षांपूर्वी दोन खोल्या बांधताना अब्बांनी लावलेला कडुनिंब आम्ही तोडला. खोल्या झाल्या, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की त्या स्लॅबखाली बसवत नाही. मागच्या वर्षी शहरातून शोभेची रोपे आणली. पावसाळाभर ती छान दिसली. पुढे अम्मी एकटी, तिचे गुडघे दुखतात. बादल्या उचलून ती किती रोपांना पाणी घालणार? एप्रिलअखेर एकही रोप उरले नाही. अम्मी काही बोलली नाही. रिकाम्या कुंड्या मात्र तिने भिंतीशी पालथ्या घालून ठेवल्या होत्या.

शेजारचे चाचा जुने शेतकरी. ते म्हणाले, "आधी खड्डा खणून पाणी ओता. किती वेळात जिरतं ते बघा." सकाळी ओतलेले पाणी दुपारीही तसेच होते. काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. उन्हाळ्यात तीच आकसते, भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळले व रोपे थोड्या उंचवट्यावर लावली.

सावलीसाठी पुन्हा कडुनिंबच निवडला, या वेळी भिंतीपासून लांब, पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला. उन्हाळा तापण्याआधी तो जुनी पाने टाकून नवी पालवी धरतो. ऐन उन्हात सावली दाट असते. गुलमोहोर मुलांना हवा होता, पण त्याच्या फांद्या वादळात लवकर मोडतात. कुंपणाला मेंदी लावली. एकदा रुजली की ती कमी पाण्यावर तग धरते, छाटली की दाट होते आणि ईदला पाला घरचाच. फाटकाजवळ अडुळसा, त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. कण्हेरही तितकीच चिवट, पण तिचे सगळे भाग विषारी. घरात लहान मुले असल्याने ती टाळली. सीताफळाला पाणी साचलेले चालत नाही, म्हणून ते मुरमाड कोपऱ्यात गेले.

प्रत्येक रोपाशेजारी एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. ते भरून झाकण ठेवले की पाणी हळूहळू मुळांकडे पाझरते. अम्मीला रोज बादली उचलायला नको.

शेवटी अम्मीनेच विचारले, "बोर लावणार ना?"

आम्हाला ते आठवले. अब्बा गेले तेव्हा गुस्लच्या पाण्यात टाकायला बोरीचा पाला हवा होता. आमच्या अंगणात बोर नव्हती. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून पाला तोडून आणावा लागला. अम्मीच्या मनात ती गोष्ट राहून गेली होती.

बोरीचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे ती दुष्काळातही जगते. पण उपटून दुसरीकडे लावलेली तिला मानवत नाही. म्हणून चाचांनी गावरान बोरीच्या बिया जागेवरच टोचायला लावल्या. रोप वाढले की चांगल्या जातीचा डोळा भरता येईल. फळे मुले खातील, पाखरे खातील. पाला मागायला कोणी आले तर अम्मी नाही म्हणणार नाही.

निघताना अम्मी मडक्यांवरची झाकणे तपासत होती. आपणही गावच्या घरी झाडे लावणार असाल, तर आधी एवढे पाहा : आपण निघून गेल्यावर त्यांना पाणी कोण घालणार आहे?